वयात येणाऱ्या मुलाचे प्रश्न: आधी ती कळ, मग बाकीचं

दहावीतल्या एका मुलाने बरेच प्रश्न एकत्र विचारले आहेत. वय 15 पूर्ण. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "वर्गात मी सगळ्यात बुटका आहे, मिशीही फुटलेली नाही. डाव्या छातीत बोंडाखाली गाठ आली आहे, हात लागला की दुखते, त्यामुळे शर्ट काढायची लाज वाटते. महिन्यातून दोन-तीनदा झोपेत चड्डी ओली होते, मित्र म्हणतात त्याने अंगातली ताकद जाते, आणि मला खरंच थकल्यासारखं वाटतं. एक गोटी दुसरीपेक्षा खाली आहे. पुढची कातडी पूर्ण मागे जात नाही. जांघेत खाज आहे, मेडिकलमधून क्रीम आणून लावतो, थांबते आणि परत येते. जिमवाल्या दादाने पावडर घ्यायला सांगितली आहे. आणि कधीकधी डाव्या गोटीत एकदम जोराची कळ येते, दहा मिनिटांत थांबते, पण ते एवढं काही नाही."

तू जे शेवटी, जाता जाता लिहिलंस त्यापासूनच सुरुवात करतो. तुझ्या सगळ्या मजकुरात डॉक्टरला घाई करायला लावणारी ती एकच ओळ आहे. ज्या गोष्टींनी तुझी झोप उडाली आहे त्यातल्या बहुतेक आपोआप मार्गी लागतील. जिला तू "एवढं काही नाही" म्हणतोस तिच्यासाठी मात्र आजच आई-वडिलांशी बोल आणि उद्याच सर्जनकडे जा.

कारण सांगतो. वृषण, म्हणजे गोटी, पिशवीत एका देठाला लटकलेली असते. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्या देठातूनच येतात. बहुतेक मुलांमध्ये ती मागच्या बाजूने पिशवीला नीट चिकटलेली असते. काहींमध्ये ही पकड जन्मापासूनच सैल असते, आणि मग गोटी स्वतःभोवती फिरते, देठाला पीळ बसतो, रक्त थांबतं. हे कोणत्याही वयात होऊ शकतं, पण सगळ्यात जास्त 12 ते 18 या वयात होतं. खेळताना होतं, मार लागल्यावर होतं, आणि पुष्कळदा गाढ झोपेत, काहीच न करता होतं. एकाएकी असह्य दुखतं, मळमळतं, उलटी होते, ती गोटी वर ओढल्यासारखी किंवा आडवी झालेली दिसते. पीळ बसल्यापासून साधारण 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर दहातल्या नऊ मुलांची गोटी वाचते. 12 तास गेले तर ही शक्यता निम्म्यावर येते, आणि 24 तासांनंतर बहुधा ती काढूनच टाकावी लागते.

तुझी कळ दहा मिनिटांत थांबते, याचा एक अर्थ असा असू शकतो की पीळ बसतो आणि आपोआप सुटतो. दुसरी कारणंही असतात: गोटीवरच्या छोट्या उपांगाला पीळ, जंतुसंसर्ग, अगदी मुतखड्याची कळसुद्धा तिथे उतरते. पण ते ठरवण्याचं काम हात लावून तपासणाऱ्या माणसाचं आहे. तपासायला जाशील तेव्हा कळ नसेल, सोनोग्राफीही ठीकठाक येईल, म्हणून "काही नाही" असं समजून परत फिरू नकोस. "कळ अचानक येते आणि अचानक थांबते, असं इतक्यांदा झालं आहे" हे वाक्य सर्जनला स्पष्ट सांग. पिळाचीच शंका पक्की झाली तर छोट्या शस्त्रक्रियेत दोन्ही गोट्या टाके घालून जागेवर बसवतात. दोन्ही अशासाठी, की एका बाजूची पकड सैल असेल तर दुसरीचीही बहुधा असतेच.

आणि सर्जनला भेटण्याआधीच पुन्हा कळ आली आणि थांबली नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की दिवाळीचा पाडवा असो, आईला उठव. ओपीडीची वाट पाहायची नाही, थेट मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं. निघताना काही खाऊ-पिऊ नकोस, भूल द्यावी लागू शकते. आणि लाजेपोटी "पोटात दुखतंय" एवढंच सांगू नकोस. मुलं हेच करतात. मग कुणी ओवा-मीठ देतं, कुणी गॅसचं इंजेक्शन देतं, रात्र निघून जाते आणि सकाळी वेळ हातची गेलेली असते. पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचे वृषण तपासलेच पाहिजेत, असं आम्ही शिकाऊ डॉक्टरांना बजावतो, ते याचसाठी. तरीही दुखणं कुठे आहे हे तू तोंडाने सांगितलंस तर सगळ्यांचा वेळ वाचेल.

याच जागेबद्दलचं बाकीचं इथेच उरकतो. एक गोटी खाली असणं, बहुधा डावी, हे अगदी नॉर्मल आहे. दोन्ही एका पातळीवर असलेली माणसंच कमी. डाव्या बाजूला उभं राहिल्यावर शिरांचा मऊ गुंता हाताला लागत असेल आणि आडवं झाल्यावर तो नाहीसा होत असेल, तर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या साधारण 15 पुरुषांमध्ये तो असतो, वयात येतानाच दिसू लागतो, आणि बहुतेकांना वर्षातून एकदा दाखवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. न दुखणारी टणक गाठ लागली, एक गोटी दुसरीपेक्षा ठळकपणे लहान राहिली, किंवा पिशवीत एकच गोटी सापडत असेल, तर मात्र दाखवायला हवं. न उतरलेल्या गोटीची शस्त्रक्रिया खरं तर बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आत व्हायला हवी, पण पंधरा-सोळाव्या वर्षीही अशी मुलं समोर येतात, कारण घरात कुणी कधी बघितलेलंच नसतं. लेदर बॉलने खेळत असशील तर गार्ड लावल्याशिवाय बॅटिंगला उतरू नकोस.

आता उंची. मुलांचं वयात येणं 9 ते 14 या वयात केव्हाही सुरू होतं. त्याची पहिली खूण मिशी नसते, पहिली खूण म्हणजे गोट्यांचा आकार वाढणं. मिशी-दाढी बरीच नंतर येते. मुलींपेक्षा मुलांची उंचीची उसळी साधारण दोन वर्षं उशिरा येते, म्हणून सहावी-सातवीत मुली उंच दिसतात. ती आली की वर्षाला 9-10 सेंटिमीटरपर्यंत वाढ होते. एरवी लहानपणी ती 5-6 सेंटिमीटर असते. तुझ्याच लिहिण्यात तुझं बरंचसं उत्तर आहे: छातीतली गाठ आणि झोपेतलं वीर्यस्खलन या दोन्ही गोष्टी वयात येणं सुरू झाल्याशिवाय होत नाहीत. म्हणजे तुझी गाडी सुटलेली आहे. वडिलांना किंवा मामाला विचार, त्यांची उंची कॉलेजात गेल्यावर वाढली होती का. उशिरा वाढणं घराण्यातच असतं, आणि अशी मुलं सतरा-अठराव्या वर्षापर्यंत वाढत राहतात.

आई-वडिलांच्या उंचीवरून एक ढोबळ अंदाज काढता येतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळव, त्यात 13 घाल, दोनने भाग. वडील 168 आणि आई 155 असेल तर उत्तर 168 येतं. त्यात आठेक सेंटिमीटर इकडे-तिकडे. उंची वाढवणारी पावडर, बुटात घालायचे तळवे, बारला तासन्‌तास लटकणं, यांनी हाडं लांब होत नाहीत. घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण कर आणि दर तीन महिन्यांनी मोज. वर्षभरात 4 सेंटिमीटरसुद्धा वाढला नाहीस, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यावरून हाडांचं वय कळतं आणि अजून किती वाढ शिल्लक आहे ते सांगता येतं. चौदा पूर्ण होऊनही गोट्यांचा आकार अजिबात वाढलेला नसेल तर त्या मुलाने हे आणखी लवकर दाखवावं. ते तुला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असू शकतं.

छातीतली गाठ. मला विचाराल तर या वयातल्या मुलांना सगळ्यात जास्त मुकाट्याने छळणारी गोष्ट हीच असते. पोहायला जायचं थांबतात, उन्हाळ्यातही आत बनियन आणि वर दोन शर्ट घालतात, पाठीला बाक काढून चालतात. बोंडाखाली नाण्याएवढी, टणक, दुखरी चकती लागणं हे वयात येताना निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना होतं. हार्मोन्सचा तोल काही काळ इकडे-तिकडे होतो म्हणून. एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला नंतर, किंवा एकाच बाजूला, सगळं चालतं. सहा महिने ते दोन वर्षांत ती विरघळते. दाबून बघत राहू नकोस, त्याने फक्त दुखतं. तू मुलगी होत नाहीयेस आणि हा कॅन्सरही नाही. बोंडातून पाणी किंवा रक्त येत असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, किंवा दोन वर्षांनंतरही तशीच असेल तर दाखव. वजन जास्त असलेल्या मुलांची छाती नुसत्या चरबीनेही वाढलेली दिसते, तिथे टणक चकती लागत नाही. आवाज फाटतो त्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तेही याच मालिकेतलं: स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, काही महिन्यांत आवाज बसतो.

झोपेत चड्डी ओली होण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण या एका गोष्टीवर आपल्याकडे भीतीचा मोठा धंदा उभा आहे. वयात आल्यावर वृषणांमध्ये शुक्रजंतू अखंड तयार होत राहतात. ते झोपेत बाहेर पडतात किंवा शरीरातच शोषले जातात. एका वेळचं वीर्य 2 ते 5 मिलिलिटर असतं. चमचाभरच, त्यात बहुतांश पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. "रक्ताच्या शंभर थेंबांचा एक थेंब" हा हिशेब शरीरशास्त्रात कुठेही नाही. महिन्यातून दोन-तीनदा होणं नॉर्मल, आठवड्यातून होणं नॉर्मल आणि कधीच न होणंही नॉर्मल. हस्तमैथुनाबद्दलही हेच: त्याने अशक्तपणा, गाल बसणं, नजर कमी होणं, पुढे मूल न होणं यातलं काहीही होत नाही. अभ्यास, झोप, मैत्री यांवर त्याचा परिणाम व्हायला लागला तर ती सवयीची गोष्ट आहे, तिच्याविषयी समुपदेशकाशी बोलता येतं. सकाळची पहिली लघवी कधी गढूळ, पांढरट दिसते, तीही बहुधा क्षारांमुळे. त्यातून "धातू" जात नसते.

ही भीती खरोखर माणसाला आजारी पाडते. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी 1960 मध्ये तिला वैद्यकीय नाव दिलं, धात सिंड्रोम: वीर्य जातंय या धास्तीनेच थकवा, धडधड, उदासी. धास्ती गेली की पुष्कळांचा थकवा जातो. तेव्हा भिंतीवरच्या "गुप्तरोग, हमखास इलाज" वाल्यांकडे जाऊ नकोस, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ताकदीच्या चूर्णांच्या नादीही लागू नकोस. अशा काही चूर्ण-भस्मांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे.

मग तुझा थकवा कशाचा? मी तीन गोष्टी विचारेन. किती तास झोपतोस? या वयाला 8 ते 10 तास लागतात आणि दहावीचा मुलगा क्लास, शाळा, मोबाइल करून पाच-सहावर येतो. सकाळी काही खाऊन निघतोस का, की चहा-बिस्किटावर बारा वाजवतोस? आणि हिमोग्लोबिन कधी तपासलंस का? रक्त कमी असणं म्हणजे मुलींचं दुखणं, असा आपला समज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयोगटातले जवळजवळ 31 टक्के मुलगे ॲनिमियाचे आढळले. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, ती लोहाची आणि फॉलिक ॲसिडची, आणि ती मुलांसाठीही आहे. मुलं ती खिशात घालून नंतर फेकतात. जेवणानंतर घे, मळमळ कमी होते. जंताची गोळीही टाळू नकोस, पोटात जंत असले की लोह घेऊनही रक्त वाढत नाही.

पुढची कातडी. ती मागे सरकणं हे हळूहळू होतं, काहींना सोळा-सतराव्या वर्षापर्यंत वेळ लागतो. जोर लावायचा नाही. जोराने ओढली तर चिरा पडतात, जखम भरताना ती आणखी आकसते. जेवढी सहज जाते तेवढी आंघोळीच्या वेळी मागे घे, साध्या पाण्याने धू, आणि आठवणीने परत पुढे आण. मागे गेलेली कातडी तिथेच अडकली आणि पुढचा भाग सुजू लागला, तर तीही त्याच दिवशी दवाखान्यात जायची गोष्ट आहे. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगत असेल, चिरा पडत असतील, वारंवार लाल होऊन दुखत असेल तर दाखव. पुष्कळांचं काम डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने काही आठवड्यांत होतं, सुंता करायची वेळ थोड्यांवरच येते.

जांघेतली खाज. इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचं आहे, आणि तुझ्याहून जास्त त्या मेडिकलवाल्यावर. हा गजकर्ण आहे, बुरशीचा संसर्ग, कडेने लाल कडं आणि मधे फिकट असा वाढत जाणारा. दुकानात चिठ्ठीशिवाय जी क्रीम हातावर ठेवतात त्यात बहुधा बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक मिसळलेलं असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून वाटतं औषध लागू पडलं. बुरशी मात्र त्याच स्टिरॉइडच्या आडोशाने पसरत राहते. थांबवलं की दुप्पट वेगाने येते. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेची कातडी पातळ होते आणि पांढुरके-लाल पट्टे उमटतात, ते जन्मभर राहतात. गेल्या काही वर्षांत देशभर हा गजकर्ण इतका चिवट झाला आहे की पूर्वी दोन आठवड्यांत बरा होणारा आता दोन-दोन महिने औषध मागतो. या मिश्रणाच्या क्रीमचा त्यात मोठा हात आहे.

ती ट्यूब आज बंद कर आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. बंद केल्यावर काही दिवस खाज भडकेल, घाबरू नकोस. औषध सांगितलं तितके आठवडे पूर्ण घ्यायचं, डाग दिसेनासा झाला तरी. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचंही सोबत, नाहीतर ते तुला आणि तू त्यांना देत राहाल. टॉवेल वेगळा. चड्डी सुती, रोज बदललेली, आणि पूर्ण वाळलेली. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा इस्त्री फिरव, विशेषतः शिवणीवर. जीन्स आणि खेळून आल्यावरची घामेजलेली शॉर्ट तासन्‌तास अंगात ठेवायची नाही. हेच मिश्रण काही मुलं तोंडावरच्या तारुण्यपीटिकांवर आणि गोरं होण्यासाठीही लावतात. तिथे तर चेहराच खराब होतो.

जिम कर, जरूर कर. शिकवणारा जाणकार असेल तर वजनं उचलल्याने उंची खुंटत नाही. पावडरची मात्र गरज नाही. तुझं वजन 45-50 किलो धरलं तर दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात, व्यायाम मनापासून करत असशील तर थोडी जास्त. एका अंड्यात 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यांत 7, वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत 6-7 ग्रॅम. भाकरी-चपातीतूनही बरीच मिळतात. पावडरने काहींच्या पुटकुळ्या वाढतात हे वेगळंच. त्या दादाने पुढे "एक कोर्स मार" म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या, तर तिथून निघून ये. त्यात पुरुषी हार्मोन असतं, आणि बाहेरून घेतलेल्या त्या हार्मोनने गोट्या आकसतात, छातीतली गाठ कायमची होऊ शकते, आणि हाडांची टोकं वेळेआधी बंद होऊन उंची आहे तिथेच थांबते. उंचीची काळजी असलेल्या मुलाने याहून मोठं नुकसान स्वतःचं करून घेऊ नये.

तू तंबाखूबद्दल काही लिहिलं नाहीस. तरी विचारतो, कारण मावा, खर्रा, गुटखा शाळेच्या फाटकापाशी मिळतो, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असूनही. तोंड पूर्ण उघड आणि स्वतःची मधली तीन बोटं उभी आत जातात का बघ. जात नसतील, किंवा तिखट झोंबायला लागलं असेल, तर दंतवैद्यांकडे जा आणि सुपारी त्याच क्षणी सोड. हे आकसणं एकदा झालं की पूर्ण परत फिरत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

कुठे जायचं? राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला. त्याखाली 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळे कक्ष आहेत, महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' क्लिनिक म्हणतात. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. तिथे समुपदेशक असतो, पैसे पडत नाहीत. मन फार खचलं, जगणं नकोसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि कुणी, घरातलं असो, क्लासमधलं असो की मैदानावरचं, तुझ्या शरीराला नको तसा हात लावत असेल, काही करायला किंवा बघायला भाग पाडत असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कर. मुलग्यांच्या बाबतीतही तो गुन्हाच आहे आणि त्यात तुझी काहीही चूक नाही.

उद्या सर्जनकडे जाताना ती क्रीमची ट्यूब सोबत ने, पावडर घेतली असशील तर तिचा डबाही. कळ कधी आली, किती मिनिटं टिकली, उलटी झाली का, हे कागदावर लिहून ने, म्हणजे तिथे बोलताना अडखळणार नाहीस. आई-वडिलांपुढे काही विचारायला संकोच वाटला तर "मला पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय" असं म्हणायचा तुला हक्क आहे. तपासणीच्या वेळी मात्र वडिलांना किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला खोलीत थांबायला सांग. आणि डॉक्टरांनी गडबडीत फक्त पोट दाबून बघितलं, तर "डॉक्टर, दुखतं ते खाली, डाव्या गोटीत" असं तू स्वतः सांग.